दस्तरखानावरची पन्नी आधी उचलू या

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आहे असे कुणाला सांगितले, तर आता लोक हसतात. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड लागू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद. मग १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचे आवरण अशा वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगही बेकायदा ठरली. कागदावर हे सगळे आहे. गोंदियाच्या बाजारात मात्र पाव किलो मिरची एका पन्नीत, कोथिंबीर दुसऱ्या पन्नीत, आणि या दोन्ही पन्न्या तिसऱ्या पन्नीत घालून मिळतात.

माझ्या अब्बांचे किराणा दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी दोन तास मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे हा प्रश्न मला गल्ल्याच्या आतल्या बाजूने दिसतो. दुकानदाराला पन्नी देण्याची हौस नसते. ती त्याला विकत आणावी लागते आणि गिऱ्हाइकाकडून तिचे पैसे मागता येत नाहीत. तरीही तो देतो, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आलेले असते. "पन्नी नाही? मग राहू द्या, समोरून घेतो," हे वाक्य गोंदियातल्या प्रत्येक लहान दुकानदाराने ऐकलेले आहे. छापा पडतो तेव्हा पन्नी मागणारा आपल्या घरी पोहोचलेला असतो. दंड भरतो तो हातगाडीवाला, फळवाला, चिकनवाला. त्याची कित्येक दिवसांची कमाई एका पावतीत जाते, आणि या हातगाड्यांवर आपलेच भाऊ, आपलेच चाचा मोठ्या संख्येने उभे असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पन्नी नाकारण्याचे ओझे गरीब विक्रेत्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते आधी घेणाऱ्याने, म्हणजे आपण, उचलले पाहिजे. आणि सुरुवात तिथून केली पाहिजे जिथे निर्णय पूर्णपणे आपल्या हातात आहे: आपल्या घरातून, आणि त्याहून आधी आपल्या सामूहिक जेवणांतून.

टाकलेली पन्नी जाते कुठे?

"भंगारवाला नेतो ना," असे आपण सहज म्हणतो. भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजातले पुष्कळ लोक आहेत, त्यांनाच विचारून पाहा. ते बाटली घेतात, बादली घेतात, ड्रम घेतात, तुटकी खुर्ची घेतात. पातळ पन्नी कुणी घेत नाही. ती वजनात भरत नाही, भाजीच्या पाण्याने किंवा मटणाच्या रक्ताने माखलेली असते, धुवायला परवडत नाही. शॅम्पूची पुडी आणि कुरकुऱ्यांचे पाकीट तर प्लास्टिक आणि चकाकत्या थराचे चिकटवलेले मिश्रण असते. ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य. ओईसीडी या संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की जगभरातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के प्रत्यक्षात पुन्हा वापरात येतो. त्यामुळे 'रिसायकल होईल' या भरवशावर पन्नी घेणे म्हणजे मनाची समजूत घालणे आहे.

उरलेली पन्नी आपल्याच भोवती राहते. ती नालीत अडकते आणि पहिल्या मोठ्या पावसात सखल मोहल्ल्यांत पाणी शिरते. नालीतून सुटली तर नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. आपला जिल्हा तलावांचा आहे. मालगुजारीच्या काळातले जुने तलाव, ज्यांना माजी मालगुजारी म्हणून लोक 'मामा तलाव' म्हणतात, त्यांच्याच पाण्यावर अनेक गावांत धानाच्या बांध्या भिजतात आणि मासेमारी चालते. जी पन्नी तिथे पोहोचत नाही ती उकिरड्यावर जनावरांच्या पोटात जाते, किंवा थंडीच्या सकाळी कुणीतरी काडी लावून जाळते. त्या ढिगात पीव्हीसीचा तुकडा असला तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. तो धूर सगळ्यात आधी शेजारच्या घरातल्या दम्याच्या म्हाताऱ्याला आणि पाळण्यातल्या बाळाला लागतो.

हे फक्त गोंदियाचे दुखणे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांकडे सगळ्यांचे बोट गेले. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत प्लास्टिकच्या पिशव्यांनी नाले बंद केले होते, म्हणून २००२ मध्ये त्या देशाने जगात सर्वांत आधी पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पण कायदा झाला तरी बाजाराची सवय तीच राहिली, आणि पिशव्या परत आल्या. २०२४ मध्ये तिथल्या सरकारला आधी सुपरमार्केटमध्ये आणि मग भाजीबाजारात ती बंदी नव्याने लागू करावी लागली. कायदा हवाच, पण सवय बदलल्याशिवाय तो टिकत नाही, हे आपल्याला बांगलादेशकडूनही शिकता येते आणि आपल्या भाजीबाजारातूनही.

कापडासारखी दिसते म्हणून कापडाची नसते

पन्नी सोडायची म्हटले की बाजार लगेच पर्याय पुढे करतो. त्यातले निम्मे फसवे आहेत.

पहिला पर्याय, कपड्यांच्या दुकानात मिळणारी रंगीत 'कापडी' पिशवी. हाताला कापडासारखी लागते, पण बहुतेक वेळा ती नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन असते, म्हणजे प्लास्टिकच. काही महिन्यांत तिचा भुगा होऊ लागतो. दोरे विणलेले दिसत नाहीत आणि छोटे छोटे ठसे दिसतात, तर ती कापडाची नाही असे समजा.

दुसरा पर्याय कागदी कप. चहाच्या टपरीवर प्लास्टिकचा कप गेला आणि कागदाचा आला म्हणून आपण खूश झालो. पण कागद गरम चहा धरून ठेवू शकत नाही, म्हणून आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे राहिले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. पन्नीत बांधून नेलेल्या उकळत्या चहाचे काय होत असेल, याचा अंदाज आपणच बांधावा. काचेचा ग्लास मागा, टपरीवाल्याकडे तो असतोच. पार्सल हवे असेल तर घरून थर्मास किंवा किटली न्या.

तिसरी गोष्ट, नव्याची हौस. घरातले चांगले प्लास्टिकचे डबे फेकून बांबूचे आणि काचेचे महागडे सामान आणणे हे पर्यावरणाचे काम नाही. तोही इस्राफच आहे. जे घरात आहे ते फुटेपर्यंत वापरा, फक्त गरम अन्न त्यात घालू नका. पिशवीचेही तसेच. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता की नव्या सुती पिशवीचा हवामानावरचा बोजा फेडायला ती ५० हून अधिक वेळा वापरावी लागते. म्हणजे दर समारंभात फुकट वाटलेल्या आणि कपाटात पडून राहिलेल्या पिशव्या उपयोगाच्या नाहीत. जुन्या सलवारीची, फाटक्या चादरीची थैली शिवा. ती पहिल्या दिवसापासून फायद्यात असते.

घर आणि बाजार

घरासाठी माझ्याकडे लांब यादी नाही. एका आठवड्याच्या पन्न्या एका खिळ्याला अडकवून ठेवा आणि आठव्या दिवशी उलगडून पाहा. कोणत्या सामानाबरोबर किती आल्या ते दिसेल, आणि काम कुठून सुरू करायचे तेही. आमच्या घरी सगळ्यात मोठा ढीग भाजीचा निघाला, मग दूध-दही, मग चिकन-मटण.

भाजीसाठी एक मोठी थैली आणि आत दोन लहान थैल्या पुरतात. त्या स्वयंपाकघरात ठेवल्या तर विसरतात, गाडीच्या डिक्कीत ठेवल्या तर सापडतात. मटणासाठी झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कसाई डब्यासह तोलून वजन वजा करतो, त्याला काही अडचण नसते. सुटे दूध घेणाऱ्यांनी कॅन पुढे करावी. तेल सुटे विकण्याची परवानगी नाही, पण एक-एक लिटरच्या पाऊचऐवजी दोन घरांनी मिळून १५ किलोचा डबा घेता येतो. तो रिकामा झाल्यावर त्यात धान, पीठ, कोळसा काहीही ठेवता येते. रोजच्या मजुरीवर एक रुपयाची शॅम्पूची पुडी घेणाऱ्या घराला मात्र मी काही सांगणार नाही. त्या पुडीचा जाब तिच्या कंपनीला विचारायचा आहे.

दुकानदारांनाही एक अनुभव सांगते. आम्ही आधी माल तोलून मग विचारायचो, "थैली आहे का?" तोपर्यंत उशीर झालेला असायचा. आता तोलायच्या आधी विचारतो. शिवाय गल्ल्याजवळ कापडी थैल्या टांगल्या आहेत: वीस रुपये ठेवा, थैली न्या, परत आणली की वीस रुपये परत. काही थैल्या परत येत नाहीत. त्या विकल्या गेल्या असे धरतो. पण चेहऱ्याने ओळखीची गिऱ्हाइके हळूहळू स्वतःची थैली घेऊन येऊ लागली आहेत, आणि कुणी दुकान सोडून समोर गेलेले नाही.

आणखी एका पन्नीबद्दल बोलायलाच हवे, कारण हे वाचणाऱ्या अनेक तरुणांच्या खिशात ती असेल. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटायचा, त्याच पन्नीत बांधायचा, आणि खाऊन झाल्यावर ती पन्नी जिथे उभे असू तिथे टाकायची. आमच्या दुकानासमोरच्या पानठेल्याभोवतीची जमीन या चौकोनी तुकड्यांनी झाकली जाते. तंबाखू आणि पानमसाल्याच्या प्लास्टिक पुड्यांवर देशात २०११ पासून बंदी आहे. तोंडाच्या कर्करोगाबद्दल तुम्हाला मी नव्याने काय सांगणार? पण ज्या वस्तूने पैसा, तोंड आणि गल्ली तिन्ही एकदम खराब होतात, तिच्याबद्दल इस्राफ हा शब्दही कमी पडतो.

आपली सामूहिक जेवणे

आता मुख्य मुद्दा. बाजारात आपण अनेकांपैकी एक गिऱ्हाईक असतो. मशिदीतली इफ्तार, वलिमा आणि कुर्बानीचा हिस्सा यांत मात्र कंपनी ठरवत नाही, दुकानदार ठरवत नाही, नगर परिषद ठरवत नाही. आपणच ठरवतो. तरीही आपल्याकडचे सर्वांत जास्त 'डिस्पोजल' तिथेच वापरले जाते.

साधा हिशेब करा. एखाद्या मशिदीत रोज शंभर रोजेदार इफ्तार करत असतील आणि प्रत्येकाला एक प्लेट, एक सरबताचा आणि एक पाण्याचा ग्लास मिळत असेल, तर रोज ३०० वस्तू होतात. तीस रोज्यांत ९,०००. हा एका मशिदीचा आकडा झाला. मगरिबच्या नमाजनंतर तो ढीग गोणीत भरला जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सफाई कामगार, बहुतेक वेळा आपल्याहून गरीब माणूस, तो हाताने उचलतो. वलिम्यात तर आता दस्तरखानसुद्धा प्लास्टिकचा रोल झाला आहे. पाहुण्यांची पंगत उठली की खरकट्यासकट गुंडाळायचा आणि फेकायचा. पूर्वी प्रत्येक मोहल्ल्यात कापडाचा दस्तरखान असायचा. धुतला जायचा आणि पुढच्या निकाहात परत अंथरला जायचा.

बकरी ईदला हेच मोठ्या प्रमाणावर होते. हिस्से पन्नीत, वाटप पन्नीत, हाडे आणि कातड्याचे तुकडे पुन्हा पन्नीत बांधून कचऱ्यात. रक्त-मांस लागलेली ती पन्नी कुत्री फाडतात आणि ईदनंतर दोन दिवस मोहल्ल्यात वास राहतो. इबादतीच्या कामाची शेवटची खूण ती असावी, हे कुणालाच आवडत नसेल.

पर्याय आपल्या जिल्ह्यातच उगवतो. माझी दादी सांगते की तिच्या काळी मटण पळसाच्या पानांत बांधून मिळायचे आणि प्रत्येक कार्यात पत्रावळी आणि द्रोण असायचे. पळस कुठे गेलेला नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात तो भरपूर आहे, आणि पाने गोळा करून पत्रावळी लावणारे हात अजूनही आहेत. आपल्या वलिम्याचा पत्रावळींचा खर्च त्या हातांत गेला तर तो जिल्ह्यातच राहील. फक्त घेताना उलटून पाहा. चकाकणाऱ्या चंदेरी पत्रावळीवर आणि द्रोणावर प्लास्टिकचा थर असतो. पानाची हवी, तर पानाचीच मागा.

ग्लासांसाठी त्याहून सोपा उपाय आहे. मशीद कमिटीने किंवा मोहल्ल्यातल्या तरुणांनी वर्गणी काढून दोनशे स्टीलचे ग्लास आणि दोनशे ताटल्या घ्याव्यात. रमजानमध्ये इफ्तारला वापराव्यात, वर्षभर निकाह-अकीक्याला अनामत घेऊन द्याव्यात. एकदा खर्च होतो, मग वर्षानुवर्षे 'डिस्पोजल'चा खर्च वाचतो. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी मोठ्या कॅन ठेवाव्यात. कुर्बानीचा हिस्सा आणणाऱ्याने घरूनच डबा आणावा, हे ईदच्या आधीच्या जुम्याला इमाम साहेबांनी सांगितले तर ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर पोहोचेल. ज्यांच्या घरी हिस्सा पोहोचवायचा आहे त्यांच्यासाठी पळसाची पाने आहेत. वर्तमानपत्राचा कागद नको, शाईमुळे तो अन्नासाठी सुरक्षित मानला जात नाही.

पण भांडी घासणार कोण? हा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण उत्तर न ठरवता केलेली अशी प्रत्येक योजना शेवटी बायकांच्या अंगावर येते. घरात थैली आठवणीने द्यायची अम्मीने, डबे धुवायचे बहिणीने, आणि पर्यावरणावर भाषण द्यायचे भावाने, असे चालणार नाही. मशिदीतले ग्लास मुलांनी धुवावेत. पाळी लावा, पाच-पाच जणांची तुकडी करा. दोनशे ग्लास पाच जणांत चाळीस-चाळीस येतात. तरावीहच्या आधी सहज होतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की प्लास्टिक बनवतात कंपन्या आणि दोष आम्हाला कशाला? यात तथ्य आहे. उत्पादकांवर आपल्या पॅकिंगचा कचरा परत गोळा करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ती गोंदियात पाळली जाते का, ओला-सुका कचरा वेगळा उचलला जातो का, हे वॉर्डाच्या प्रतिनिधीला आणि नगर परिषदेला विचारणे हा आपला हक्क आहे आणि आपण तो बजावला पाहिजे. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. पण हे विचारायला गेलेल्या मोहल्ल्याच्या स्वतःच्या मशिदीबाहेर डिस्पोजल ग्लासांचा ढीग असेल, तर आपले बोलणे हलके होते.

दुसरा आक्षेप मी अधिक ऐकला आहे: समाजापुढे इतके मोठे प्रश्न असताना पन्नीचे काय घेऊन बसलात? शिक्षण, रोजगार, सुरक्षितता हे प्रश्न मोठे आहेतच. पण इस्राफची मनाई खाण्यापिण्याच्याच संदर्भात आली आहे. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकाच ठिकाणी आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. मग त्रासदायक वस्तू रस्त्यावर न टाकणे त्याहून आधीचे नाही का? शिवाय हे काम करायला कुणाची परवानगी, कुणाचे अनुदान लागत नाही. ते करताना मोहल्ल्यातले तरुण एकत्र बसायला, हिशेब ठेवायला, कमिटीशी अदबीने बोलायला शिकतात. मोठ्या प्रश्नांसाठीही हीच तयारी लागते.

म्हणून येत्या जुम्याला नमाजनंतर चार-पाच जणांनी मशिदीच्या सदर साहेबांना भेटा. फक्त एक गोष्ट मागा: पुढच्या रमजानपासून इफ्तारला स्टीलचे ग्लास असतील आणि ते धुण्याची जबाबदारी आमची. "सांभाळणार कोण?" असे ते विचारतीलच. तेव्हा पहिल्या तुकडीतल्या पाच जणांची नावे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.